गाव तीनशे वस्तीचं. मग त्याच्या चर्चचं पोस्टकार्ड कुणी काढलं?

अमेरिकेतल्या मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिन, नेब्रास्का या भागांतली जुनी पोस्टकार्डं चाळायला बसलं की एक चित्र पुन्हा पुन्हा हाती येतं. पांढऱ्या रंगाची लाकडी इमारत, पुढच्या बाजूला मधोमध चौकोनी मनोरा, त्यावर निमुळता कळस, टोकदार कमानींच्या खिडक्या आणि आजूबाजूला नुकतीच लावलेली चार-दोन झाडं. खाली पांढऱ्या, हाताने काढलेल्या अक्षरांत गावाचं नाव आणि ‘नॉर्वेजियन लुथरन चर्च’ किंवा ‘जर्मन लुथरन चर्च’ एवढीच ओळ. काळ बहुधा १९०५ ते १९२० च्या दरम्यानचा.

नायगाराच्या धबधब्याचं किंवा न्यूयॉर्कच्या उंच इमारतींचं पोस्टकार्ड का निघालं, हे कुणाला सांगावं लागत नाही. तिथे प्रवासी जातात, कार्डं विकत घेतात, घरी पाठवतात. पण ज्या गावात धान्याचं एक कोठार, रेल्वेचं छोटं स्टेशन, एक दुकान आणि तीनशे माणसं, तिथे कोण प्रवासी येणार? छापखान्यातून कार्ड काढून घ्यायचं म्हणजे शेकडो प्रतींची मागणी नोंदवावी लागे. त्या काळी अमेरिकेत विकली जाणारी बरीचशी कार्डं जर्मनीत छापून येत, त्यामुळे वाटही पुष्कळ पाहावी लागे. एवढी कार्डं तीनशे वस्तीच्या गावात घेणार कोण?

तरीही ही कार्डं निघाली आणि अक्षरशः गावोगाव निघाली. हे कसं जमलं, ते समजून घेण्यासाठी टपालाचा एक नियम, फोटोचा एक कागद आणि स्वतःच्या हातांनी चर्च उभारणारी शेतकरी मंडळी अशा तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

ठिपके दिसतात की नाही?

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या आणि अशा कार्डावर धरा. छापील चित्र असेल तर ते बारीक ठिपक्यांत फुटतं. छपाईची शाई एका वेळी एकाच गडदपणाची असते, मधली करडी छटा तिला देता येत नाही. म्हणून छापणारा चित्राचे लहानमोठे ठिपके पाडतो. जिथे ठिपके मोठे तिथे डोळ्याला गडद भासतं, जिथे बारीक तिथे फिकट. वर्तमानपत्रातल्या फोटोत हे आजही दिसतं.

छोट्या गावांच्या चर्चची बहुतेक कार्डं मात्र भिंगाखाली फुटत नाहीत. मनोऱ्याची उन्हातली बाजू, सावलीतली बाजू आणि त्यांच्यामधल्या सगळ्या करड्या छटा सलग राहतात. कारण ती मुळात छापलेलीच नाहीत. प्रत्येक कार्ड म्हणजे निगेटिव्हवरून थेट कागदावर उतरवलेला, रसायनांत धुतलेला स्वतंत्र फोटो आहे. संग्राहक अशा कार्डांना ‘रिअल फोटो पोस्टकार्ड’ म्हणतात.

कोड्याचं उत्तर इथून उलगडायला लागतं. छपाईत पहिल्या प्रतीचाच खर्च प्रचंड असतो, पुढच्या प्रती स्वस्त पडतात. फोटोत तसं नाही. एक प्रत काढा नाहीतर पन्नास, प्रत्येकीला साधारण तेवढाच कागद, तेवढंच रसायन आणि तेवढेच हात लागतात. मग पाच प्रतीसुद्धा परवडतात. मोठी बाजारपेठ असलेल्या जागांचीच चित्रं निघावीत, ही छापखान्याची अट फोटोने मोडून काढली.

टपालाने दिलेली मोकळीक

खासगी लोकांनी काढलेली चित्र-कार्डं सरकारी कार्डाच्याच दरात, म्हणजे १ सेंटात पाठवण्याची परवानगी अमेरिकेच्या काँग्रेसने १८९८ मध्ये दिली. १९०१ च्या अखेरीस अशा कार्डांवर ‘पोस्टकार्ड’ हा शब्द छापायलाही मुभा मिळाली. पण एक अडचण उरली होती. मागची सगळी बाजू फक्त पत्त्यासाठी राखीव होती. चार शब्द लिहायचे तर ते चित्राच्याच कडेला कोंबावे लागत. म्हणून १९०७ पूर्वीच्या कार्डांवर चर्चच्या आकाशात किंवा पायऱ्यांखाली शाईने लिहिलेला मजकूर सापडतो.

१ मार्च १९०७ पासून मागच्या बाजूचे दोन भाग झाले. उजवीकडे पत्ता, डावीकडे मजकूर. चित्र मोकळं झालं आणि कार्डांचा पूर आला. ३० जून १९०८ ला संपलेल्या एका वर्षात अमेरिकेच्या टपालातून सुमारे ६८ कोटी कार्डं गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा नऊ कोटींच्याही आत होती.

खेड्यांपर्यंत हा पूर पोहोचला तो आणखी एका सोयीमुळे. पूर्वी शेतकऱ्याला टपाल आणायला गावातल्या कचेरीत जावं लागे. शेतवस्त्यांपर्यंत टपाल विनामूल्य पोहोचवण्याचा प्रयोग १८९६ मध्ये सुरू झाला आणि १९०२ मध्ये तो कायमचा झाला. आता टपालवाला घोडागाडीने रस्त्याकडेच्या पेटीपर्यंत येऊ लागला. १ सेंटाचं कार्ड आज पेटीत टाकलं की पुढच्या गावातल्या बहिणीला कळे: नव्या चर्चचा मनोरा पूर्ण झाला, रविवारी ये.

कार्डाच्या मापाचा कॅमेरा

ईस्टमन कोडॅक कंपनीने १९०३ मध्ये ‘३-ए फोल्डिंग पॉकेट कोडॅक’ नावाचा घडीचा कॅमेरा बाजारात आणला. त्याची निगेटिव्ह सव्वातीन इंच बाय साडेपाच इंचांची होती, म्हणजे जवळपास पोस्टकार्डाएवढीच. या मापामुळे सगळं काम सोपं झालं. निगेटिव्ह लहान असेल तर चित्र मोठं करायला वेगळं यंत्र लागतं, तीव्र दिवा लागतो. निगेटिव्ह कार्डाएवढीच असली तर ती कागदावर सपाट ठेवायची, वरून काच दाबायची आणि उजेड दाखवायचा. याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात.

कागदही तसाच सोयीचा मिळाला. लिओ बेकलंड या बेल्जियममधून आलेल्या रसायनशास्त्रज्ञाने ‘व्हेलॉक्स’ नावाचा फोटोचा कागद तयार केला होता आणि १८९९ मध्ये त्याचा सगळा व्यवसाय कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमनला विकला होता. पुढे बेकेलाइट हे प्लास्टिक शोधून काढणारा बेकलंड तो हाच. व्हेलॉक्स, अ‍ॅझो, सायको अशा नावांचे हे कागद उजेडाला फार सावकाश प्रतिसाद देत. त्यामुळे ठार काळोखाची गरज नसे. मंद दिव्यापासून थोडं दूर बसून कागद हाताळायचा आणि फोटो उमटवण्यापुरता तो दिव्याजवळ न्यायचा. वीज न पोहोचलेल्या गावात, स्वयंपाकघराच्या मेजावर, रात्री हे काम होऊ शकत होतं. कागदाच्या मागच्या बाजूला पत्त्याच्या रेघा आणि तिकिटाची चौकट कारखान्यातूनच छापून येई. फोटो धुऊन वाळला की कार्ड तयार.

म्हणून या कार्डांचे कर्ते नाना प्रकारचे दिसतात. कुठे गावातला स्टुडिओवाला, कुठे औषधांचा दुकानदार, कुठे हौशी शेतकरी. गावोगाव फिरणारे व्यावसायिकही होते. नेब्रास्कातल्या मातीच्या घरांचे फोटो १८८६ पासून काढणारा सॉलोमन बुचर नव्या शतकात पोस्टकार्डांच्या धंद्याकडे वळला, तो या लाटेमुळेच.

उजेडातून चित्र कसं उमटतं?

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. या कागदांत मुख्यतः सिल्व्हर क्लोराइड असे. उजेडाचा किरण कणावर पडला की त्यातल्या मोजक्याच अणूंची शुद्ध चांदी होते. हा बदल इतका अल्प असतो की डोळ्याला काहीच दिसत नाही. कागद कोराच वाटतो, पण चित्र त्यात दडलेलं असतं.

दुधात विरजणाचा थेंब पडल्यावर लगेच काही दिसत नाही, पण कुठल्या भांड्याचं दही होणार ते त्या थेंबाने ठरवलेलं असतं. उजेड त्या थेंबाचं काम करतो. कागद डेव्हलपर या द्रावणात बुडवला की ज्या कणांना उजेडाचं विरजण लागलं आहे ते कण संपूर्णपणे काळ्या चांदीत बदलतात. ज्यांना लागलं नाही ते तसेच राहतात.

हे तसेच राहिलेले कण पुढे उजेडात काळे पडू नयेत म्हणून त्यांना काढून टाकावं लागतं. त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचं द्रावण वापरतात. फोटोवाले त्याला ‘हायपो’ म्हणतात. शेवटी कागद भरपूर वाहत्या पाण्यात धुवायचा. या धुण्यात कुणी घाई केली असेल तर हायपोचा अंश कागदात राहतो आणि काही वर्षांनी चित्र पिवळं, फिकं पडतं. शंभर वर्षांपूर्वीचं एक कार्ड आजही लख्ख आणि त्याच गावचं दुसरं पुसट का, याचं कारण पुष्कळदा तेव्हाच्या पाण्यात सापडतं.

जुन्या कार्डाच्या गडद भागांवर, विशेषतः कडांना, तिरप्या उजेडात निळसर धातूसारखी चमक दिसते. दमट हवा आणि वायूंमुळे चित्रातली चांदी हळूहळू पृष्ठभागावर येते, तिची ही चमक. छापील कार्डाला ती येत नाही.

पांढरं आकाश आणि कललेला मनोरा

यातल्या बहुतेक कार्डांत आकाश कोरं असतं, ढगांचा मागमूस नसतो. त्या दिवशी ढग नव्हतेच, असं समजायचं कारण नाही. त्या काळातली फिल्म आणि काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला अतिशय संवेदनशील होत्या आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. निळ्या आकाशाने निगेटिव्हवर इतकी चांदी साचे की प्रिंट काढताना त्यातून उजेड कागदापर्यंत पोहोचतच नसे आणि आकाश पांढरं उरे. उलट लाल रंगाचं धान्याचं कोठार जवळपास काळं येई.

पांढऱ्या चर्चच्या बाबतीत ही मोठीच अडचण होती, कारण पांढरी इमारत पांढऱ्या आकाशात विरून जाई. जाणकार फोटोवाला अशा वेळी तिरप्या उन्हाची वाट पाही. सकाळी किंवा दुपार कलल्यावर भिंतीवरच्या आडव्या फळ्यांच्या कडांना बारीक सावल्या पडतात, मनोऱ्याची एक बाजू उजळते आणि दुसरी काळवंडते, म्हणून आकार उठून दिसतो. सावल्यांची दिशा पाहिली तर फोटो दिवसाच्या कुठल्या प्रहरी काढला असेल, याचा अंदाज आपल्यालाही करता येतो.

दुसरी अडचण उंचीची. कळस चौकटीत बसवायला कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा वरच्या टोकाला जवळ येतात आणि मनोरा मागे कलल्यासारखा दिसतो. कसलेला फोटोवाला कॅमेरा सरळ ठेवून फक्त पुढचं भिंग वर सरकवी. घडीच्या कित्येक कॅमेऱ्यांत तशी सोय होती. मनोरा ताठ असेल तर काढणारा सरावाचा असण्याची शक्यता मोठी. मनोरा कललेला असेल तर बहुधा हौशी माणसाचं काम, आणि ते कार्ड कदाचित दोन-चार प्रतींतच निघालेलं.

चर्चच्या आतले फोटो बहुतेक वेळा माणसांविना असतात. आत उजेड कमी, म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवून भिंग बराच वेळ उघडं ठेवावं लागे. तेवढ्या वेळात हललेला माणूस धुरकट होऊन जाई. खिडक्यांभोवती दिसणारं तेजोवलय हीसुद्धा त्या काळची खूण आहे. तीव्र उजेड काचेच्या प्लेटेच्या मागच्या बाजूवर आपटून परत येई आणि आजूबाजूला पसरे.

पांढरी अक्षरं कशी येतात?

चित्रावरचं गावाचं नाव पांढरं का असतं? निगेटिव्हवर अपारदर्शक शाईने लिहिलं की तिथून उजेड जात नाही आणि कागद तेवढ्यापुरता पांढरा राहतो. मात्र प्रिंट काढताना निगेटिव्हची रसायन लावलेली बाजू कागदाला चिकटवून ठेवतात आणि त्या बाजूने पाहिलं तर दृश्य आरशातल्यासारखं उलटं असतं. तिथे लिहायचं तर अक्षरंही उलटीच काढावी लागतात. हात चुकला की इंग्रजी ‘एन’ किंवा ‘एस’ उलटा उमटतो आणि अशा चुका या कार्डांवर बऱ्याच दिसतात. छापखान्यात मजकूर तपासणारा कुणी असे. इथे लिहिणारा, काढणारा, धुणारा आणि विकणारा माणूस बहुधा एकच होता.

एका गावात तीन लुथरन चर्च

आता चित्रातल्या इमारतीकडे वळू. १५१७ मध्ये मार्टिन लुथर या जर्मन धर्मगुरूने रोमन चर्चच्या कारभाराला आव्हान दिलं. त्यातून निघालेली परंपरा म्हणजे लुथरन पंथ. मराठी इतिहासाशीही तिचा एक धागा जुळतो. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांचे शिक्षक आणि पाठीराखे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन लुथरन मिशनरी होते. युरोपात हा पंथ जर्मनीच्या मोठ्या भागात आणि नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड या देशांत रुजला.

१८२५ मध्ये ‘रेस्टोरेशन’ या छोट्या जहाजातून नॉर्वेतले स्थलांतरित अमेरिकेला निघाले. पुढच्या शंभर वर्षांत एकट्या नॉर्वेतून सुमारे आठ लाख माणसं तिकडे गेली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळू लागले, तसे हे लोक मध्य-पश्चिमेच्या सपाट गवताळ प्रदेशात पसरले. जर्मन, स्वीडिश, डॅनिश, फिनिश लुथरनही तिथेच आले. प्रत्येकाची उपासनेची भाषा वेगळी होती, म्हणून लहानशा गावातही जर्मनांचं एक, नॉर्वेजियनांचं एक आणि स्वीडिशांचं एक अशी तीन चर्च उभी राहू शकत.

एकाच भाषेच्या लोकांतही फूट पडे. परमेश्वर माणसाचं तारण आधीच ठरवून ठेवतो का, या प्रश्नावरून १८८० च्या दशकात नॉर्वेजियन लुथरनांत तीव्र वाद झाला आणि मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे उपासकसमूह, दुभंगल्या. त्यातून कुठे कुठे एकाच रस्त्यावर दोन नॉर्वेजियन चर्च उभी राहिली. १९१७ मध्ये त्यांच्या तीन मोठ्या संस्था एकत्र आल्या. मग गावपातळीवरही मंडळ्या जोडल्या जाऊ लागल्या आणि जादा झालेली इमारत विकली, हलवली किंवा पाडली गेली. लाकडी चर्च हलवणं अशक्य नव्हतं. विस्कॉन्सिनमधल्या मस्केगो इथे नॉर्वेजियन शेतकऱ्यांनी १८४४ च्या सुमारास बांधलेलं चर्च १९०४ मध्ये सेंट पॉल शहरात, आज लुथर सेमिनरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या आवारात नेऊन उभं केलं आणि ते अजून तिथे आहे.

मायदेशी चर्चचा खर्च आणि कारभार राजसत्ता पाहत असे. अमेरिकेत सरकार एक पैसाही देणार नव्हतं. मंडळीने जागा मिळवायची, लाकूड ओढून आणायचं, सुतारकाम करायचं, पाळकाचा पगार उभा करायचा. बायकांच्या मंडळांनी गोधड्या शिवून आणि जेवणावळी घालून घंटेसाठी आणि वेदीसाठी पैसे जमवले. तो मनोरा गवताळ सपाटीवर कित्येक मैलांवरून दिसे आणि तो त्यांचा स्वतःचा होता. तिथे पोस्टकार्डाला गिऱ्हाईक मिळालं ते यामुळे. ते कार्ड २ सेंटांत समुद्रापलीकडे आईबापांना पाठवता येई: आम्ही इथे नुसते आलेलो नाही, आम्ही वसलो आहोत.

हे समजलं की चित्रातले तपशील बोलू लागतात. कडेला घोड्यांसाठी बांधलेली शेड दिसली तर मंडळी दूरच्या शेतांवरून येत होती. झाडं गुडघाभर उंचीची असतील तर वस्ती नवी आहे. आवारात थडगी असतील तर मंडळीला काही वर्षं झाली आहेत. आत अर्धगोल कठडा आणि मध्ये चित्र असलेली कोरीव पांढरी वेदी दिसली तर स्कँडिनेव्हियन वळणाचा अंदाज बांधता येतो. वेदीवरच्या कमानीवर रंगवलेल्या ओळीची भाषा पाहिली तर मंडळी कोणत्या देशातली, हे पक्कंच कळतं.

कमानीवरची भाषा बदलली

पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ मध्ये उतरली आणि ‘जर्मन’ हा शब्द संशयाचा झाला. २३ मे १९१८ रोजी आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी जाहीरनामा काढला. शाळेत, रेल्वेत, टेलिफोनवर, सार्वजनिक ठिकाणी आणि चर्चच्या उपासनेतही फक्त इंग्रजी बोलावं, असा तो हुकूम होता. त्याचा फटका जर्मनांइतकाच नॉर्वेजियन आणि डॅनिश मंडळ्यांनाही बसला. युद्ध संपल्यावर तो मागे घेतला गेला.

नेब्रास्काने १९१९ मध्ये लहान मुलांना इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायलाच बंदी केली. तिथल्या एका लुथरन शाळेतले शिक्षक रॉबर्ट मेयर यांनी दहा वर्षांच्या मुलाला जर्मन भाषेतल्या बायबलकथा शिकवल्या म्हणून त्यांना दंड झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२३ मध्ये मेयर जिंकले. मूल काय शिकेल हे ठरवण्याच्या पालकांच्या अधिकाराबाबत हा निकाल अमेरिकेत आजही आधारासाठी घेतला जातो.

कार्डांच्या ढिगात हा इतिहास डोळ्यांनी पाहता येतो. आधीच्या कार्डांवर ‘जर्मन लुथरन चर्च’ असतं, पुढच्यांवर अनेकदा तीच इमारत नुसती ‘लुथरन चर्च’ किंवा ‘सेंट जॉन्स’ होते. मागच्या बाजूचा मजकूर नॉर्वेजियन, स्वीडिश किंवा जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांतून हळूहळू इंग्रजीत येतो. आजी मायभाषेत लिहिते, नात इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींच्या कार्डांवर चर्च मात्र तेच असतं.

कार्डाचं वय कसं काढायचं?

मागच्या बाजूची तिकिटाची चौकट इथे फार उपयोगी पडते. कागद बनवणाऱ्या कंपन्या तिथे आपलं नाव छापत आणि मधूनमधून तिची रचना बदलत. ‘अ‍ॅझो’ कागदावर चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर टोक करून असतील तर तो कागद साधारण १९०४ ते १९१८ चा. दोन वर आणि दोन खाली असतील तर १९१८ ते १९३० च्या आसपासचा. मात्र कागद दुकानात पडून राहू शकतो आणि जुन्या निगेटिव्हवरून नवी प्रतही काढता येते. त्यामुळे चौकटीवरून कळतं ते एवढंच, की ही प्रत त्या कागदाच्या आधीची नाही. फोटो कधी काढला, ते चित्रातूनच शोधावं लागतं. दारापुढे घोडागाड्या आहेत की मोटारी, विजेच्या तारा आल्या आहेत का, मनोरा पुरा झाला आहे का.

तिकिटाची किंमतही साक्ष देते. साध्या कार्डाचा दर १ सेंट होता. युद्धकाळात, २ नोव्हेंबर १९१७ ते ३० जून १९१९ पर्यंत, तो २ सेंट झाला आणि नंतर परत १ सेंटावर आला. शिक्का पुसट असला तरी देशातल्या देशात गेलेल्या कार्डावरचं २ सेंटांचं तिकीट काळाचा पट्टा बराच अरुंद करतं.

नव्याने काढलेली नक्कल ओळखायला अतिनील दिवा उपयोगी पडतो. साधारण १९५० च्या दशकापासून कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालू लागले. असा कागद अतिनील उजेडात निळसर पांढरा उजळतो. अस्सल जुनं कार्ड मंदच राहतं.

चौकट: कार्ड हाती आलं की काय पाहावं?

• भिंगातून: ठिपके दिसले तर छापील, सलग छटा दिसल्या तर खरा फोटो.
• गडद कडांवर: निळसर धातूची चमक असेल तर चांदीचं जुनं चित्र.
• मागची बाजू: मधली रेघ नसेल तर बहुधा १९०७ पूर्वीचं, असेल तर त्यानंतरचं.
• तिकिटाची चौकट: कागदाचं नाव आणि नक्षी. ही प्रत याच्या आधीची नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.
• तिकीट आणि शिक्का: दर, गाव, तारीख.
• चित्रातली अक्षरं: हाताने काढलेली पांढरी अक्षरं म्हणजे निगेटिव्हवर केलेलं लेखन.
• इमारत: घोड्यांची शेड, झाडांची उंची, थडगी, तारा, आतली भाषा.
• अतिनील दिवा: कागद लख्ख उजळला तर सावध राहावं.

नावाशिवाय फोटो अर्धाच

मध्य-पश्चिमेची खेडी गेल्या शतकात ओसरत गेली. शेतं मोठी झाली, कुटुंबं कमी झाली, अनेक मंडळ्या बंद पडल्या. काही चर्च जळाली, काही वादळात गेली, काही विकली गेली. अशा कितीतरी इमारतींचा आता एवढाच पुरावा उरला आहे: एखाद्या हौशी माणसाने रात्री दिव्याच्या उजेडात धुतलेलं एक कार्ड. ज्या कार्डांवर गावाचं नाव आहे ती आज इतिहासाची साधनं आहेत. ज्यांवर नाही, ती तितकीच सुंदर असूनही मुकी आहेत, कारण पांढरी लाकडी चर्च एकमेकांसारखी दिसतात आणि नुसत्या चित्रावरून ती ओळखणं फार अवघड असतं.

हे आपल्यालाही लागू आहे. पोस्टकार्डाची पाठ छापलेला फोटोचा कागद विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात आपल्याकडच्या स्टुडिओंतही वापरला गेला. टपालात कधीच न पडलेले पणजोबा-पणजीचे फोटो त्यावर आहेत. तिकिटांचे दर आणि टपालाचे नियम आपल्याकडचे वेगळे होते, पण भिंग, चांदीची चमक, कागदाची चौकट आणि अतिनील दिवा या कसोट्या त्या फोटोंनाही जशाच्या तशा लावता येतात. असे फोटो चिकट पानांच्या आल्बममध्ये किंवा पीव्हीसीच्या पिशव्यांत ठेवू नयेत. पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट घ्यावं, जागा कोरडी निवडावी आणि स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करावी.

आणि घरात ओळखू शकणारं माणूस आहे तोवर प्रत्येक फोटोच्या मागे, मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने, तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोण, कुठे, साधारण कधी. रसायनाने चेहरा शंभर वर्षं टिकवला. नाव टिकवायचं काम मात्र माणसालाच करावं लागतं.